सतराचं मॉडेल

गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी बायकोला म्हणालो, "रस्त्यात कधी बंद पडणार नाही अशीच घेईन. वेळ लागला तरी चालेल."

ती म्हणाली, "तुम्हाला वेळ हाय. मला हाय का ते डॉक्टरला विचारा."

बोलायला ती पहिल्यापासून तिखट. मी हसण्यावारी नेलं आणि चपला घालून बाहेर पडलो.

तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. भिवंडीत जागा रिकामी नव्हती, ठाण्याच्या एका रुग्णालयात मिळाली, तीही दुसऱ्या शिफ्टची, दुपारी बाराची. शिफ्ट हा शब्द माझ्या रोजच्या तोंडातला. तीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काढली, त्यातली वीस जॉबर म्हणून. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम चालू करून देणारा माणूस. आता शेलारला घराजवळच स्वतःची शेड आहे, बारा लूम आहेत. लूमच्या शिफ्टला कामगार उशिरा आला की मी चार शिव्या हासडायचो आणि लूम चालू व्हायचा. डायलिसिसच्या शिफ्टला तसं नसतं. तुम्ही वेळेत पोचला नाहीत तर मशीन दुसऱ्याला देतात, कारण बाहेर बाकड्यावर दुसरा बसलेलाच असतो. त्यांचंही बरोबर आहे. पण इकडे अंगातलं पाणी कुणासाठी थांबत नाही. तिची लघवी बंद झाली होती. प्यायलेला घोट न घोट अंगातच साठायचा, आधी पायांवर, मग पोटावर, शेवटी छातीत. शुक्रवार ते सोमवार हे अंतर सगळ्यात वाईट. सोमवारी सकाळी बघावं तर ती पलंगावर पाठीला दोन उशा लावून बसलेली असायची, आडवी झाली की दम लागायचा म्हणून.

आमच्याकडे होती एक स्कूटर. तिच्यावर ती बसणं शक्य नव्हतं. रिक्षावाले ठाण्याचं नाव काढलं की मान फिरवायचे. फोनवरून बोलावलेली टॅक्सी यायची, पण मानकोलीला फोनच्या नकाशात रस्ता लाल दिसला की ड्रायव्हर दोन मिनिटांत नकार कळवून मोकळा. त्या मानकोलीच्या चौकाला गोदामांचे ट्रेलर एकमेकांना चिकटून उभे असतात, त्यात टॅक्सीवाल्याचा तरी काय दोष! शेवटी ओळखीचा एक रिक्षावाला तयार झाला. जाताना ठीक, पण चार तास मशीनवर पडून आल्यावर तिच्या अंगात जीव उरायचा नाही. पायात गोळे यायचे. खड्ड्यात रिक्षा आपटली की सुया काढलेल्या हातातून रक्त यायचं आणि ती पदराने दाबून धरायची. मला दिसू नये म्हणून तोंड बाहेर करून बसायची. मला दिसायचं.

म्हणून गाडी. आणि गाडी म्हणजे सेडान, कारण मागच्या सीटवर तिला पाय पोटाशी घेऊन आडवं होता येईल आणि डिकीत घडीची चाकाची खुर्ची राहील. कंपनी कुठली, तेही लवकर ठरलं. राजनोली नाक्यावर उभ्या असतात त्या टुरिस्ट गाड्यांमध्ये निम्म्या एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, म्हणजे सुटे भाग कुठेही मिळणार. नवी कोरी घेणं झेपणारं नव्हतं, जुनीच बघायची होती. प्रश्न राहिला फक्त वर्षाचा. कुठल्या सालचं मॉडेल?

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण माझा एक जुना दोस्त आहे, नदीनाक्याजवळ त्याचं गॅरेज आहे, निजामपुऱ्यातला माणूस. त्याने मला स्टुलावर बसवून समजावलं. गाडीचं नाव तेच राहतं, पण कंपनी काही वर्षांनी आतलं सगळं बदलते. बदललेल्या मॉडेलचं पहिलं वर्ष घ्यायचं नाही, कारण त्यातल्या खोड्या कंपनीलाच अजून कळलेल्या नसतात. उलट जुन्या मॉडेलचं शेवटचं वर्ष सगळ्यात भरवशाचं, कारण तोवर सगळ्या तक्रारी येऊन, दुरुस्त होऊन गेलेल्या असतात. या गाडीचं जुनं मॉडेल सतरा साली संपलं. अठराला नवीन आलं.

"तर मग यार, सतराची शोध," तो म्हणाला. "अठराची कुणी फुकट दिली तरी नको."

मला ते पटलं. पण मी जॉबर माणूस, एका माणसाच्या बोलण्यावर जात नाही. आमच्या धंद्यात जुना लूम विकत घेताना एक रीत आहे. मालकाशी बोलायचंच नाही. मालक चहा पाजतो आणि गोड बोलतो. लूम ज्याने चालवला त्या कारागिराला गाठायचं, शेडच्या बाहेर, विडी पेटवून द्यायची आणि विचारायचं, बाबा रे, हा किती वेळा थांबतो? तो खरं सांगतो, कारण लूम थांबला की नुकसान त्याचं होतं. या रीतीने मी आयुष्यभर लूम घेतले आणि एकदाही फसलो नाही.

मग मी तेच केलं. राजनोलीला, कल्याण नाक्याला, अंबाडीच्या बाजारात टुरिस्ट गाड्यांच्या ड्रायव्हरांना गाठायला लागलो. एकच प्रश्न, रस्त्यात बंद पडली का कधी? उत्तर वहीत. सोळावाले, सतरावाले, अठरावाले, सगळ्यांची वेगळी पानं. अठराच्या पानावर क्लचची तक्रार सारखी येत होती. सतराच्या पानावर कुणी बॅटरी म्हणाला, कुणी टायर, बाकी काही नाही. अठराच्या पानावर मी लाल पेनाने मोठी फुली मारली. काय समाधान वाटलं होतं तेव्हा! आपण बायकोसाठी काहीतरी पक्कं काम करतोय असं वाटत होतं.

यात तीन महिने गेले. सतराच्या गाड्या मिळत, पण चांगल्या राहिलेल्या मिळत नव्हत्या. एक ठोकलेली, एक धुराची, एकीचे किलोमीटर मागे फिरवलेले. इकडे रिक्षा चालूच. एकदा ती घरी आली ती पायरीवरच बसली, वर चढेना. म्हणाली, "अवो, घ्या ना कायपन. चार चाकं आन छप्पर असलं म्हंजी झालं." मी तिच्यावर खेकसलो. म्हणालो, तुला काय कळतं त्यातलं? वर्ष चुकलं तर रस्त्यात अडकशील, तेव्हा मलाच बोलशील. मी तिला हाताला धरून वर नेलं, पण खेकसलो ते खेकसलोच.

अंबाडीला दिलेली आमची एकुलती एक मुलगी म्हणायची, बाबा, तुम्ही अभ्यास करताय की गाडी घेताय? तिलाही मी गप्प केलं होतं.

मार्चमध्ये कल्याणला एक गाडी विकायला निघाली. एका निवृत्त अधिकाऱ्याची. कागदावर ती अठराची होती म्हणून मी जाणारच नव्हतो. पण फोटोत पुढचा चेहरा जुन्या मॉडेलचा दिसला आणि मला शंका आली. जाऊन बॉनेट उघडलं, पत्र्यावरची बारकी पट्टी वाचली, सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेलं लेबल वाचलं. गाडी बनली होती सतराच्या डिसेंबरात. शोरूममध्ये दोन महिने उभी राहिली आणि नोंदणी झाली अठरात. म्हणजे जुन्या मॉडेलमधली अगदी शेवटची, आणि लोक अठराची समजून तिच्याकडे फिरकत नव्हते. मला इतका आनंद झाला की मी ते लेबल पुन्हा एकदा वाचलं. तीन महिन्यांची पायपीट फळाला आली असं वाटलं.

मालकांनी चहा दिला. गाडी कमी चाललेली होती, आतून चकचकीत होती. मी चहा प्यायलो आणि रीतीप्रमाणे त्यांच्या ड्रायव्हरला बाजूला घेतलं. वयस्क माणूस होता, चार वर्षं तोच ती गाडी चालवत होता. मी विचारलं, दादा, रस्त्यात बंद पडली का कधी?

"नाही. कधीच नाही," तो म्हणाला. मग त्याने बंगल्याकडे एकदा बघितलं. "पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मागच्या पावसात इथं तळघरात पाणी भरलं होतं. गाडी आतच होती. सीटपर्यंत पाणी आलं होतं. साहेबांनी सगळं काढून, सुकवून घेतलं. नंतर काही त्रास नाही दिला. पण होती पाण्यात."

आता इथे माझं काय झालं ते नीट सांगतो, कारण त्याच्यावरच मी पुढे कितीतरी दिवस डोकं आपटत बसलो.

आमच्या भिवंडीत पाणी नवीन नाही. कामवारीला पूर आला की नदीकाठच्या शेडमध्ये पाणी घुसतं. एका वर्षी माझे बाराच्या बारा लूम कमरेएवढ्या पाण्यात दोन दिवस उभे होते. पाणी उतरलं, आम्ही चिखल काढला, एकेक भाग डिझेलने धुतला, फडक्याने पुसला, तेल घातलं, आणि आठव्या दिवशी कापड निघायला लागलं. ते लूम आजही चालतात. इथल्या कुठल्याही लूमवाल्याला विचारा, पाणी लागलं म्हणून कुणी लूम भंगारात देत नाही. पाण्याला घाबरतो तो परगावचा. ड्रायव्हर बोलत होता आणि माझ्या मनात हेच चाललं होतं, की एवढंच ना? धुतलं, सुकवलं, झालं. गाडी सतराची आहे, आणि तीही शेवटच्या महिन्यातली!

ज्या माणसाला विचारायला पाहिजे त्याला मी विचारलं होतं. त्याने खरं सांगितलं होतं. आणि मी ते ऐकून खिशात घातलं.

यापेक्षा वाईट पुढे आहे. गॅरेजवाल्या दोस्ताला गाडी दाखवायला नेली. त्याने इंजिन ऐकलं, मशीन लावून तपासलं, खाली झोपून बघितलं. उठून हात पुसत म्हणाला, "मस्त आहे. पाणी, अपघात, काही बोलला का ड्रायव्हर?" मी म्हणालो, "कधीच बंद पडली नाही म्हणाला." हे खोटं नव्हतं. पण त्याने जे विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं. मला ठाऊक होतं की पाण्याचं नाव घेतलं तर तो म्हणेल सोडून दे, आणि मला ती सोडायची नव्हती. बायकोला तर सांगण्याचा प्रश्नच मनात आला नाही. तिला सांगून काय करायचं, उगाच घाबरेल, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

गाडी दारात आली तेव्हा तिने हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. मागच्या सीटवर बसून हात फिरवला आणि म्हणाली, "बरी हाय हो. झोपायला होईल." पहिल्या रविवारी मी एकटाच शेडच्या मागे गाडी नेली, दारं उघडी टाकली, पायाखालचा गालिचा जमेल तेवढा उचकटला, दिसेल तो पत्रा पुसला, बिजागऱ्यांना तेल दिलं. तिने विचारलं, एवढं काय साफ करताय? म्हणालो, जुनी गाडी आहे, घ्यावं करून.

सात महिने ती गाडी एकदाही थांबली नाही. मी अगदी फुशारून गेलो होतो. रुग्णालयाच्या बाहेर इतरांच्या गाड्या बघून त्यांना मॉडेलचं वर्ष विचारायचो आणि सल्ले द्यायचो. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

ऑक्टोबरातला सोमवार होता. शुक्रवारपासूनचं पाणी अंगात होतं आणि आदल्या दिवशी उकाड्याने ती थोडं जास्तच पाणी प्यायली होती. सकाळपासून धाप लागली होती. दहाला निघालो. मानकोलीला नेहमीप्रमाणे अडकलो. डावीकडे ट्रेलर, उजवीकडे ट्रेलर, पुढे टँकर. मुंगीच्या पावलाने चाललो होतो आणि एकदम स्टिअरिंगसमोरचे सगळे दिवे पेटले, लाल, पिवळे, सगळे. मग सगळे विझले. इंजिन गेलं, एसी गेला. चावी फिरवली, टक् सुद्धा नाही. काचा बंद होत्या आणि बटणावरच्या काचा, त्या खाली येईनात. दार उघडायला गेलो तर बाजूच्या ट्रेलरचं चाक आड.

मागून ती म्हणाली, "काय झालं वो?"

मी म्हणालो, "काही नाही. चालू होतेय."

ट्रेलर चार हात पुढे सरकला तेव्हा दार उघडलं. मी मागचं दार उघडून तिला वारा घालू लागलो. बॉनेट उघडलं. लूम असता तर कान लावून सांगितलं असतं काय बिघडलंय. इथे ऐकायला काहीच नव्हतं. नुसत्या वायरी. रुग्णवाहिकेला फोन केला, ती निघाली, पण येणार कशी? तीही त्याच गर्दीत मागे कुठेतरी अडकली. पाऊण तास गेला. तिचे ओठ काळसर व्हायला लागले. ती पुढच्या सीटला दोन्ही हातांनी धरून वाकून बसली होती आणि प्रत्येक श्वासाला घर्र आवाज येत होता. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडत होतो, शिव्या देत होतो, हात जोडत होतो. कुणाला, तेही आठवत नाही.

कापडाचे तागे घेऊन चाललेला एक छोटा टेम्पो होता. त्याच्या ड्रायव्हरने स्वतःच उतरून विचारलं, "चाचा, पेशंट है क्या? पीछे डालो." आम्ही दोघांनी तिला उचललं. आडवं करून चालणार नव्हतं, म्हणून मी ताग्यांना टेकून बसलो आणि तिला छातीशी धरून बसवलं. त्याने टेम्पो रस्त्याच्या कडेच्या मातीतून काढला, उलट्या बाजूने काढला, कसा काढला देव जाणे. त्याचं नाव विचारायचंही राहून गेलं.

पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. तिचं मशीन दुसऱ्याला दिलेलं होतं. तिला थेट अतिदक्षता विभागात नेलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवला, आणि मशीन तिथे नेऊन चार वाजता डायलिसिस सुरू झालं. काचेतून मला फक्त तिचे पाय दिसत होते, फुगलेले. मी भिंतीला डोकं लावून रडलो. वय, लाज, काही आड आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दोस्ताने गाडी ओढून गॅरेजला नेल्याचा फोन आला. तिला सातव्या दिवशी घरी सोडायचं होतं, त्याआधी एकदा मी गॅरेजला जाऊन आलो. त्याने पुढची सीट काढून ठेवली होती. गालिच्याच्या खाली, माझा हात पोचला नव्हता तिथे, वायरींचा एक मोठा जोड असतो. तो हिरवागार पडला होता, पिना कुजून गेल्या होत्या.

"ही पाण्यात होती," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं."

त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी मान हलवली. तो म्हणाला, "लूम नुसता लोखंड असतो रे. गाडीला मेंदू असतो. एक शब्द बोलला असतास." मग तो हात धुवायला नळावर गेला आणि बराच वेळ धूत बसला. मी तसाच निघून आलो.

त्याच संध्याकाळी मी तिला सांगितलं. वॉर्डात पलंगाशेजारी स्टुलावर बसून सगळं सांगितलं, ड्रायव्हर काय म्हणाला, दोस्ताने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. लूमचंही सांगितलं, की पाण्यातले लूम आपण कसे आठ दिवसांत चालू केले होते.

ती छताकडे बघत होती. म्हणाली, "तुमच्या लूमला दम लागत न्हाय."

मी तिच्या अंगावरची चादर नीट केली.

"राजनोलीच्या समद्या ड्रायव्हरांना विचारलंत," ती म्हणाली. "बसनार मी होते. मला एकदा तरी विचारायचं. पान्यातली हाय, घेऊ का? न्हाय म्हनले असते तं काय झालं असतं? एक गाडी गेली असती." मग दम खाऊन म्हणाली, "आता ऐका. फुडं माझ्यापासून काय लपवायचं न्हाय. गाडीचं असू दे, न्हायतर माझं. मला झेपंल का न्हाय ते मी बघंन."

मी हो म्हणालो. ती गाडी मी कुणाला विकली नाही, भंगारात दिली.

दुसरी गाडी तिने पसंत केली. या वेळी मी प्रत्येक गाडीबद्दल जे कळलं ते सगळं तिच्यापुढे ठेवत होतो, आणि ती खुर्चीत बसून वकिलासारखी उलटतपासणी करायची. तिने घेतली ती अठराची. हो, मी फुली मारलेली! म्हणाली, "हिचं दार मोठं उघडतं, पाय आत घ्यायला तरास व्हत न्हाय. क्लच बिघडला तं बिघडला, कुरकुरत बिघडंल. एकदम मरनार तं न्हाय ना?" दोस्ताला विचारलं, तो हसून म्हणाला, भाभी बरोबर बोलतात. त्या गाडीचा क्लच एकदा बदलला, बाकी काही नाही.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी, ती मशीनवर असताना, डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हृदयाची तपासणी झाली होती. हृदय फार कमजोर झालंय, म्हणाले. किडनी बदलण्यासाठी नाव नोंदवलं होतं, तो विचार आता सोडून द्यावा लागेल. काही महिने म्हणता येतील, वर्षं नाही. मी विचारलं, त्या दिवसामुळे? ते म्हणाले, तसं ठामपणे सांगता येणार नाही, आधीपासूनही असेल, पण त्या दिवसाने भर पडली असेल. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "त्यांना लगेच सांगायची गरज नाही. त्या आनंदात राहिल्या तर बरं."

चांगला माणूस. त्यांनी माझ्या हातात सोय दिली होती. मी जिना उतरताना ती सोय घट्ट धरून उतरलो, खोटं कशाला बोलू.

तिला खुर्चीतून गाडीत बसवलं. नेहमी ती आडवी व्हायची, त्या दिवशी बसून राहिली. मी गाडी चालू केली. तिने विचारलं, "डॉक्टरांनी कशाला बोलावलं होतं?"

मी म्हणणारच होतो, औषधं बदलायची होती. शब्द जिभेवर आला होता. मग मी गाडी बंद केली, मागे वळलो आणि सांगितलं. जे ऐकलं ते सगळं, जसंच्या तसं. सांगताना दोनदा थांबावं लागलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

मग तिने विचारलं, "म्हैने म्हंजी किती?"

"ते त्यांनाही सांगता आलं नाही."

तिने पदर तोंडाला लावला आणि रडली. मी दार उघडून मागे जाऊन बसलो, तिचा सुजलेला हात हातात घेतला. माफ कर म्हणालो. इतक्या महिन्यांत हे दोन शब्द मी उच्चारले नव्हते. ती म्हणाली, "केलं का न्हाय ते मलाच ठाव न्हाय अजून. पन आज सांगितलंत ते बरं केलंत." माझा हात मात्र तिने सोडला नाही.

मग निघालो. मानकोली त्या दिवशी मोकळी होती. राजनोली गेली, भिवंडी गेली, नदीनाका आला. ती खिडकीतून बघत होती.

"पोरीला सांगायला पायजे," ती म्हणाली.

"मी उद्या जाऊन सांगतो," मी म्हणालो.

"न्हाय. मी सांगनार. तुमी सांगाल तं अर्धंच सांगाल."

शेलार आलं. आमच्या गल्लीचं वळण आलं. मी वळलो नाही, गाडी सरळ अंबाडीच्या रस्त्याने पुढे घेतली.